पहिले वाद्य



वसंत व्याख्यानमालेत संगीतावर बोलायचे म्हटले म्हणजे घराण्यांबद्दल, रागांबद्दल किंवा एखाद्या थोर गवयाबद्दल बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज दुकानांबद्दल बोलणार आहे. हे ऐकून कोणाला असे वाटेल की, हा गृहस्थ व्यापारी मंडळाच्या सभेला निघाला होता आणि रस्ता चुकून इकडे आला. तसे काही नाही. संगीताचा पहिला प्रश्न रागाचा नसतो, वाद्याचा असतो. नऊ-दहा वर्षांचे पोर घरी येऊन म्हणते, "मला वाजवायला शिकायचे आहे." तेव्हा आईबापांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, वाद्य आणायचे कोठून आणि किती रुपयांचे? त्या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळदा त्या पोराचे पुढचे सगळे संगीत अवलंबून असते. म्हणून हा विषय.

अमेरिकेत ज्यांना 'बिग बॉक्स स्टोअर' म्हणतात ती दुकाने आपल्यापैकी अनेकांनी, मुलांकडे-नातवंडांकडे गेल्यावर, डोळ्यांनी पाहिली असतील. शहराच्या कडेला, मोटारी उभ्या करण्याच्या अफाट मैदानापलीकडे एक बिनखिडक्यांची, खोक्यासारखी प्रचंड इमारत असते. वॉलमार्ट, टार्गेट, कॉस्टको ही त्यांतली ठळक नावे. मी त्यांना आपल्या सोयीसाठी 'वखारदुकान' म्हणतो. तिथे साबण मिळतो, मोटारीचे टायर मिळतात, तान्ह्या मुलांचे कपडे मिळतात, आणि नाताळ जवळ आला की त्याच फडताळांवर गिटार मिळते. ती एकटी नसते. एका मोठ्या खोक्यात गिटार, ध्वनिवर्धकाची लहानशी पेटी, पिशवी, खांद्याचा पट्टा, नख्या आणि तारांचा जादा संच, असा सगळा संसार भरलेला असतो. 'फर्स्ट ॲक्ट' या १९९५ साली निघालेल्या कंपनीने आपला व्यापार मुख्यतः अशाच दुकानांच्या बळावर उभारला. फेंडरसारख्या नामांकित कंपनीनेही 'स्टारकास्टर' या नावाखाली असे संच या दुकानांसाठी काढले होते. खोके उचलायचे, पैसे भरायचे आणि घरी जायचे. मधे कोणाशी एक शब्द बोलावा लागत नाही.

आता यावर एक सोपा आक्षेप आहे. रसिक मंडळी नाक मुरडून म्हणतात, "जिथे साबण मिळतो तिथे का वाद्य घ्यावे? स्वस्त माल तो वाईटच असायचा." हा आक्षेप मला मान्य नाही. कारण स्वस्त वाद्याचा इतिहास या नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.

जर्मनीत, सॅक्सनीच्या एका कोपऱ्यात, बोहेमियाच्या सरहद्दीला लागून मार्कन्यूकिर्खेन नावाचे लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील स्वस्त व्हायोलिनांचा फार मोठा भाग त्या गावातून आणि आसपासच्या खेड्यांतून जाई. एका घरी नुसत्या माना कोरायच्या, दुसऱ्या घरी पाठी आणि पोटे करायची, तिसऱ्याने जोडायचे, चौथ्याने रोगण द्यायचे, आणि व्यापाऱ्याने पेट्या भरून बाहेर धाडायच्या. अमेरिकेशी हा व्यापार इतका वाढला की, १८९३ साली अमेरिकन सरकारने त्या चिमुकल्या गावात आपली वकिलात उघडली. ही व्हायोलिने अमेरिकेत सीअर्स-रोबक, माँटगोमेरी वॉर्ड अशा टपालाने माल धाडणाऱ्या पेढ्यांच्या जाडजूड यादीपुस्तकांतून थोड्या डॉलरांना विकली जात. आत चिकटवलेल्या कागदावर खुशाल 'स्ट्रॅडिव्हेरियस' असे छापलेले असे! आजही अमेरिकेत कोणाला आजोबांच्या माळ्यावर असे वाद्य सापडते आणि आपण लक्षाधीश झालो असे त्याला घटकाभर वाटते.

सीअर्सची पेढी पुढे याही पुढे गेली. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाई बेटांच्या संगीताचे आणि युकुलेलेचे वेड पसरले. तेव्हा १९१६ मध्ये सीअर्सने शिकागोचा 'हार्मनी' हा वाद्यांचा कारखानाच विकत घेतला. त्याच काळात ऑस्कर श्मिट यांच्या कारखान्यातील 'स्टेला' गिटारी लाकडी सामानाच्या, कापडाच्या दुकानांतून विकल्या जात. म्हणजे वाद्य हे वाद्यांच्या दुकानाबाहेर विकणे ही काही आजची फॅशन नव्हे. आणि या स्वस्त गिटारी घेतल्या कोणी? शेतमजुरांनी, रेल्वेवर राबणाऱ्यांनी, दक्षिणेतील निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या काळ्या लोकांनी. गावातील गोरा दुकानदार ज्याला उभेही करीत नसे, त्याला टपालाची यादी रंग विचारीत नव्हती. लेडबेली हा थोर गायक जी बारा तारांची गिटार वाजवी ती 'स्टेला'च होती. ज्या ब्लूज संगीतापासून पुढे अर्ध्या जगाचे लोकप्रिय संगीत निघाले, त्याच्या पाळण्यात स्वस्त गिटारच होती.

१९६२ साली सीअर्सने 'सिल्व्हरटोन' नावाने एक विजेची गिटार विकायला काढली. ती बनवणारा न्यू जर्सीचा नेथन डॅनियल हा कारागीर मोठा कल्पक. त्याने गिटारीचा देह पाइनच्या चौकटीवर दाबीव भुशाचे तक्ते बसवून केला, आणि ध्वनिवर्धक गिटारीच्या पेटीतच बसवला. पेटी उघडा, उभी करा, तार जोडा आणि वाजवा. सुमारे ६८ डॉलरांत हे सगळे. त्याच डॅनियलची 'डॅनइलेक्ट्रो' गिटार पुढे जिमी पेजसारख्या वादकाने सभांतून वाजवली. म्हणजे भुशाच्या तक्त्यातूनही संगीत निघू शकते. तेव्हा स्वस्ताईला दोष देऊ नका. स्वस्ताईने ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांना दुसरे दार नव्हते.

आणखी एक साक्ष पूर्वेकडची. जपानात नागोया शहरी मासाकिची सुझुकी यांनी १८८७ साली व्हायोलिन बनवायला आरंभ केला. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद पडला आणि सुझुकींच्या कारखान्याची भरभराट झाली. या स्वस्त व्हायोलिनांच्या कारखानदाराचा मुलगा शिनिची सुझुकी. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो गावी त्याने अशी शिक्षणपद्धती सुरू केली की, तिचा मूळ सिद्धांत ऐकून संगीताचे पंडित चकित झाले. तो म्हणे, ज्या अर्थी प्रत्येक मूल आपली मातृभाषा बोलू शकते, त्या अर्थी प्रत्येक मूल वाद्यही वाजवू शकेल. त्याला ती भाषा तशी ऐकवली मात्र पाहिजे. त्याच्या पद्धतीत मूल आधी ऐकते, मग वाजवते. मुलाच्या अंगाएवढे लहान व्हायोलिन त्याच्या हाती देतात. आणि आई किंवा बाप रोज शेजारी बसतो, स्वतःही थोडे शिकतो. वाद्य कारखान्यातले, पण त्याच्याभोवती माणसे तीन: मूल, आई आणि गुरू.

श्रोतेहो, माझ्या व्याख्यानाची खुंटी इथे आहे. मार्कन्यूकिर्खेनचे व्हायोलिन असो की सीअर्सची गिटार, तिच्याभोवती कोणीतरी होते. देवळात वाजवणारा चुलता होता, शेजारचा म्हातारा होता, शनिवारच्या नाचाला वाजवणारा मेळा होता. वाद्याची तार उंच बसली असेल तर ती खाली कशी घ्यायची हे त्यांतल्या कोणाला तरी ठाऊक असे. वखारदुकानाच्या खोक्यात सगळे असते. हा माणूस तेवढा नसतो.

तो नसला म्हणजे काय होते, हे जरा बारकाईने पाहू. गिटारीच्या माथ्याजवळ एक खाचांची पट्टी असते, तिच्यातून तारा जातात. कारखान्यात घाईने केलेल्या वाद्यात या खाचा पुरेशा खोल नसतात, तारा उंच राहतात. शिकणाऱ्याने पहिल्या पडद्यावर तार दाबली की ती अधिक ताणली जाते आणि स्वर चढतो. मुलाने बोट अगदी बरोबर ठेवले, तरी स्वर चुकीचाच निघतो. शिवाय तार दाबायला जोर लागतो, बोटे सोलून निघतात. ओल्या हवेच्या मुलखात केलेली गिटार थंडीत कोरड्या, तापवलेल्या घरात आली की लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन हाताला ओरखडतात. व्हायोलिनाची कथा याहून बिकट. त्याच्या खुंट्या भोकांत नीट बसल्या नाहीत तर सुटतात. तार लावावी आणि ती उतरावी, पुन्हा लावावी, पुन्हा उतरावी. त्याची घोडी चिकटवलेली नसते, ती त्या त्या वाद्याच्या पोटाला बसेल अशी पायाशी घासावी लागते, माथ्याला उतरती करावी लागते. पुष्कळदा खोके उघडावे तो घोडी आडवी पडलेली असते, आणि ती कोठे, कोणत्या तोंडाने उभी करायची हे बिचाऱ्या बापाला कोण सांगणार? अमेरिकेतील दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी अशा मालाला एक नाव दिले आहे: 'व्हायोलिनच्या आकाराची वस्तू'. नाव विनोदी आहे, पण त्यात कारागिराची खंत आहे. कारण अशी वस्तू दुरुस्तीला आली की तिच्या किमतीपेक्षा दुरुस्तीचीच मजुरी जास्त होते, आणि त्याला ती परत करावी लागते.

बरे, यात दोष कोणाचा? ज्याने ती बनवली त्या कामगाराचा म्हणावा, तर तसेही नाही. चीनच्या ग्वेजो प्रांतात झेंगआन नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिथली माणसे पोटासाठी दूर दक्षिणेला, ग्वांगजोच्या गिटार-कारखान्यांत जात. २०१३ च्या सुमारास त्यांतली काही कसबी माणसे आपल्या गावी परतली आणि त्यांनी तिथेच कारखाने काढले. आज त्या तालुक्यातून वर्षाला वीस लाखांहून अधिक गिटारी बाहेर पडतात. घर सोडून गेलेला माणूस घरी परतला, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच हातांना वेळ दिला तर ते उत्तम वाद्य करतात, आणि करीतही आहेत. पण खरेदी करणारा मोठा व्यापारी जो भाव ठरवतो, तेवढाच वेळ त्या हातांना मिळतो. तारेखालची खाच नीट घासायला जी पाच-दहा मिनिटे लागतात, ती त्या भावात बसत नाहीत.

पूर्वी ही पाच-दहा मिनिटे गावातला वाद्यविक्रेता देत असे. आता त्याचे काय झाले ते ऐका. वाद्ये विकून वाद्यविक्रेत्याचे पोट भरते असा आपला समज असतो. तसे नसते. वाद्य वर्षातून थोडी विकली जातात आणि त्यांवर नफाही बेताचा. त्याची रोजची भाकरी तारांवर, नख्यांवर, सनईसारख्या वाद्यांच्या जिभल्यांवर, पट्ट्यांवर, पुस्तकांवर असते. वखारदुकानाने आणि मागाहून घरपोच माल धाडणाऱ्या पेढ्यांनी नेमका हाच किरकोळ माल उचलला. तेव्हा वाद्यांचे गिऱ्हाईक तर गेलेच, पण दुरुस्तीचे टेबल ज्या मिळकतीवर चालत होते ती मिळकतही गेली. आणि दैवाची गंमत अशी की, लहान दुकानांना ज्या मोठ्या संगीत-दुकानांनी जेरीस आणले, तीही सुरक्षित राहिली नाहीत. 'गिटार सेंटर' या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या साखळीने २०२० च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला आणि कर्जाची फेरमांडणी करून ती कशीबशी सावरली. 'सॅम ॲश' ही तर १९२४ साली ब्रुकलिनमध्ये एका व्हायोलिनवादकाने आणि त्याच्या पत्नीने काढलेली. दुकानाच्या पैशांसाठी त्या बाईने साखरपुड्याची अंगठी गहाण ठेवली होती, असे सांगतात. शंभर वर्षे पुरी झाली आणि २०२४ साली तिची सगळी दुकाने बंद झाली.

व्यापारात उदयास्त व्हायचेच. एका दुकानासाठी रडण्याकरता मी इथे उभा नाही. माझी चिंता त्या पोराची आहे. फेंडर कंपनीच्या प्रमुखांनी काही वर्षांपूर्वी उघडपणे सांगितले की, आपल्या गिटारींपैकी सुमारे ४५ टक्के नवशिके घेतात, आणि त्यांतले ९० टक्के एका वर्षाच्या आत वाद्य खाली ठेवतात. उरलेले दहा टक्के मात्र जन्मभर वाजवतात. ९० टक्के! यातले सगळे वाईट वाद्यामुळे थांबले असे मी म्हणणार नाही. कोणाला वेळ नसतो, कोणाला चिकाटी नसते, कोणाला गुरू मिळत नाही. फेंडरने तर यावर उपाय म्हणून २०१७ साली घरबसल्या शिकवण्याची सोय काढली, ती याच कारणासाठी. परंतु या थांबणाऱ्यांत एक पोर असे असते की, त्याने प्रामाणिकपणे बोट ठेवले, स्वर चुकीचा आला, आणि त्याने मनाशी निर्णय केला, "मला कान नाही. मला संगीत येणे नाही." कान होता, म्हणून तर स्वर चुकीचा आहे हे त्याला कळले! ज्याचा कान चांगला, तोच अशा वाद्याला आधी कंटाळतो. हा निर्णय एकदा मनात बसला की मनुष्य तो जन्मभर वागवतो, साठाव्या वर्षीही तो तुम्हांला सांगेल की, "आमच्यात गाणेबिणे नाही." वाद्याची किंमत दोन हजार असेल की पाच हजार, या निर्णयाची किंमत कोणी मोजीत नाही.

आता थोडे घराकडे येऊ. आपल्या जत्रांतून, बाजारांतून 'बुलबुलतरंग' नावाचे वाद्य मिळे, ते आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एक पेटी, तीवर तारा आणि टंकयंत्रासारखी बटणे. ते मूळचे आपले नव्हे. १९१२ च्या सुमारास जपानात, त्याच नागोया शहरी ते निघाले, आणि तिथल्या 'ताइशो' राजवटीवरून त्याला 'ताइशोगोतो' म्हणत. ते स्वस्त म्हणून समुद्र ओलांडून आले. बैठकीच्या गवयांनी त्याला खेळणे म्हणून हसण्यावारी नेले. पण मुंबईच्या चाळींतल्या आणि कोकणातल्या पोरांनी ते उचलले. त्याला वीज जोडली, आणि गणपतीच्या मिरवणुकीत आज जी 'बेंजो पार्टी' रस्ता दणाणून सोडते तिचा बेंजो म्हणजे तेच हे बुलबुलतरंग. पलीकडे बलुचिस्तानात त्याचाच 'बेंजू' झाला आणि बिलावल बेल्जियमसारख्या वादकाने त्यावर विद्वत्तेने वाजवले. जत्रेतले खेळणे वाद्य कसे झाले? मंडळात थोरला मुलगा वाजवी, धाकटा शेजारी बसे. तार तुटली की चाळीतला कोणी ती बसवी. खेळण्याभोवती माणसे जमली, म्हणून ते वाद्य झाले.

उलट टोकाला आपले मिरज. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते. एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, वाळवायचा, त्याचा तंबोरा करायचा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणां सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकन वाद्याला मिळाले. जी गोष्ट कागदावर मावत नाही ती जवारी. घोडीचा माथा केसभर घासून, तारेखाली दोरा सरकवून कारागीर तंबोरा बोलका करतो, आणि गवयी समोर बसून ऐकतो. कोणाला खुली जवारी हवी, कोणाला बंद. खोक्यात घालून जवारी पाठवता येत नाही. आणि पाठवली, तरी प्रवासात, हवेत ती बदलते. ती पुन्हा लावणारा माणूस जवळ असावा लागतो. तबल्याचे तसेच. तबला घरपोच येतो, पण पुडी फाटली की ती चढवणारा घरपोच येत नाही.

आपल्याकडे वखारदुकान शहराबाहेरच्या मैदानावर उभे राहण्याआधीच मोबाइलच्या काचेत येऊन बसले आहे. परीक्षा संपल्या, सुटी लागली की घरोघर खोकी येतात: गिटार, युकुलेले, विजेची पेटी. विजेच्या पेटीचा एक गुण मी मान्य करतो, ती निदान बेसूर होत नाही. बाकीच्या वाद्यांबद्दल मला आपणांस काही व्यावहारिक सूचना करायच्या आहेत, आणि त्या केल्याखेरीज हे व्याख्यान नुसती हळहळ ठरेल.

पहिली सूचना अशी. स्वस्त वाद्य जरूर घ्या. पण घरात आल्यावर मुलाच्या हाती देण्याआधी ते अर्धा तास एखाद्या जाणत्या माणसाच्या हाती द्या. त्याला त्याची मजुरी द्या. किमतीचा दहावा हिस्सा यासाठी बाजूला ठेवूनच खरेदी करा.

दुसरी. विकत घेण्याआधी भाड्याने मिळते का पाहा. अमेरिकेत शाळांच्या वाद्यवृंदांसाठी ही पद्धत फार दिवसांची आहे. महिन्याला ठरावीक भाडे, दुरुस्ती त्यातच, आणि मूल वाढले की लहान व्हायोलिन परत देऊन मोठे न्यायचे. तिथले संगीतशिक्षक पालकांना वखारदुकानातले वाद्य घेऊ नका असे बजावतात, ते घमेंडीने नव्हे; वर्गात त्या न लागणाऱ्या खुंट्या त्यांनाच पिळाव्या लागतात म्हणून.

तिसरी सूचना आपल्या ग्रंथालयांना. कॅनडात टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१६ पासून पुस्तकांसारखी वाद्येही घरी न्यायला द्यायला सुरुवात केली. गिटार, व्हायोलिन, ढोल, कार्डावर नोंद करा आणि न्या. या महाराष्ट्रात गावोगाव शंभर-शंभर वर्षांची वाचनालये आहेत. एका कपाटात चार पेट्या, दोन तबल्यांच्या जोड्या आणि दोन तंबोरे ठेवणे त्यांना अशक्य आहे का? ज्या ९० टक्के घरांत वाद्ये कपाटावर धूळ खात पडली आहेत, ती घरे ती आनंदाने देतील. वर्षातून दोनदा मिरजेच्या किंवा आपल्याच गावच्या कारागिराला बोलावून ती नीट करून घ्या. त्या कारागिराला काम मिळेल, पोराला वाद्य मिळेल, आणि ते दोघे एकमेकांना भेटतील. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

चौथी सूचना आईबापांना. सुझुकीच्या पद्धतीतून एवढे तरी घ्या: मूल वाजवत असताना पंधरा मिनिटे शेजारी बसा. स्वर चुकला तर "तुला येत नाही" असे म्हणण्याआधी वाद्य हातात घ्या आणि दोष बोटाचा आहे की तारेचा, हे कोणाला तरी विचारा.

वखारदुकाने राहतील. ती बंद व्हावीत अशी माझी इच्छाही नाही. त्यांच्यामुळे ज्या घरात वाद्य कधी गेले नसते तिथे ते जाते. त्यांनी वाद्य घरापर्यंत आणून सोडले, पुढचे काम आपले आहे. ते आपण केले नाही तर दोष दुकानावर ढकलायला आपल्याला तोंड उरणार नाही.